आजी सांभाळणाऱ्या बाईला घरात टिकू देत नाहीत: डिमेन्शिया असलेल्या घरांतले नेहमीचे प्रश्न

नर्सिंगची नोकरी संपल्यापासून मी कोल्हापुरात घरोघरी जाते. वाडा शिवाजी पेठेतला असो नाहीतर फ्लॅट नागाळा पार्कातला, स्मृतिभ्रंशाचं म्हणजे डिमेन्शियाचं माणूस असलेल्या घरात एक तक्रार ठरलेली असते: "त्या कुणाला जवळच येऊ देत नाहीत हो सिस्टर." देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातजणांना हा आजार असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतही असणार. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

"मला काय धाड भरलीय?" असं आई म्हणते. तिला खरंच कळत नाही की मुद्दाम करते?

खरंच कळत नाही. "माझं काहीतरी बिघडलंय" हे ज्या मेंदूनं ओळखायचं, त्यालाच या आजारानं धरलेलं असतं. करपलेलं पातेलं समोर आणून ठेवलंत तरी ती म्हणणार, सुनेनं ठेवलं होतं गॅसवर. तिच्या लेखी ते खरं असतं. पुरावे देऊन तुम्ही वाद जिंकाल, पण पुढच्या दहा मिनिटांत ती मुद्दा विसरेल आणि तुमच्यावरचा राग तेवढा शिल्लक राहील. या आजारात घडलेली गोष्ट पुसली जाते, तिच्यामुळे आलेली भावना बराच वेळ टिकते. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

पण नकाराचं सगळं खापर आजारावर फोडू नका. जिनं सगळा जन्म स्वयंपाकघरातले डबे स्वतःच्या हातानं लावले, तिच्या डब्यांना परकी बाई हात लावणार म्हटल्यावर ती धडधाकट असतानाही नाहीच म्हणाली असती.

डॉक्टरकडे चला म्हटलं की आबा भांडायला उठतात. तपासणी करायलाच हवी का?

हवीच, आणि ती आधी हवी. म्हातारपणीचा प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, नसतो. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, पडून डोक्यात साचलेलं रक्त, चालू असलेल्या गोळ्यांचा परिणाम, यातलं काही निघालं तर उपचारांनी माणूस पुष्कळ सुधारतो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता तर सर्रास सापडते.

न्यायचं कसं? "तुमची स्मरणशक्ती तपासूया" म्हणून कोणी येत नाही. "बीपी बघून येऊ", "साखर बघायची वेळ झाली" म्हणून येतात. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा. मुलाचं न ऐकणारे आबा डॉक्टरांचं ऐकतात. पुढे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ. खर्चाचा प्रश्न असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. जाताना घरात काय काय घडलं ते एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती आधीच पोचवा. आबांच्या देखत सांगायला लागलात तर तिथंच कुस्ती लागते, आणि डॉक्टरांसमोर आबा हमखास टकाटक वागतात.

एक मात्र लक्षात ठेवा. एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं, म्हणजे माणूस बरळायला लागलं, झोपाळलं, ओळखेनासं झालं, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवी गोळी, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दाखवायचं.

सांभाळायला ब्युरोकडून (माणसं पुरवणाऱ्यांकडून) आणलेली बाई दोन दिवस टिकत नाही, सासूबाई हाकलून देतात. काय करू?

बहुतेक घरांत हे असं घडतं: सकाळी आठला बाई पिशवी घेऊन दारात येते आणि सूनबाई सांगतात, "आई, ही आजपासून तुमचं सगळं करणार." झालं, गाडं अडलं. "तुमचं सगळं करणार" याचा अर्थ सासूबाईंना नीट कळतो, की तुमच्याच्यानं आता काही होत नाही. मग त्या म्हणतात, "मी करतो की माझं, कशाला पायजे बाई?" आणि दुसऱ्या दिवशी पिशवी दाराबाहेर.

बाई कामाला आलीय हे सांगायलाच हवं असं नाही. ती कशासाठी आलीय ते सांगा, आणि ते कारण सासूबाईंच्या मानाचं असू द्या.

एका घरातलं सांगते. दिवस उन्हाळ्याचे, कांदा-लसूण चटणी करायची होती. नवी बाई आजींसमोर पाटावर बसली. सूनबाई एवढंच म्हणाल्या, "हिला आपल्यातली चटणी जमत नाही, तुम्ही जरा सांगा." आजींनी तिला मिरच्यांचे देठ खुडायला लावलं. खोबरं जास्त भाजलं म्हणून ओरडल्या. धणे किती घ्यायचे ते सांगता येईना, तशी ओंजळ पुढे करून "एवढं" म्हणाल्या. तोंडातून शब्द निघत नव्हता, हाताला माप पाठ होतं. दुपारी "पोरगीला जेवायला वाढा की" असं त्यांनीच फर्मावलं. त्या आठवड्यात बाईनं फक्त हाताखालची कामं केली. नंतर डोक्याला तेल लावून द्यायला सुरुवात झाली. अंघोळीपर्यंत पोचायला बराच वेळ गेला, पण बाई टिकली.

सगळ्यांकडे चटणीच लागते असं नाही. वाती वळणं, गव्हले, गोधडी, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, काहीही चालतं. आजींनी शिकवायचं, बाईनं शिकायचं, एवढं जमवा.

दुसरी वाट म्हणजे बाई तुमच्यासाठी ठेवलीय असं सांगायचं. "माझी कंबर धरलीय, वाकता येत नाही, म्हणून हिला बोलावली." सुनेच्या कंबरेसाठी सासूबाई बाई चालवून घेतात, स्वतःसाठी नाही. हे खोटंही नसतं. उचलून-बसवून तुमची कंबर गेलेलीच असते.

सुरुवात दोन तासांनी करा, तीही सकाळच्या वेळी. पहिले काही दिवस तुम्ही घरात थांबा, मग "मंडईत जाऊन आले" म्हणून थोडं थोडं बाहेर पडायला लागा. रोज तोच चेहरा यायला हवा. माणसं बदलून पाठवणारा ब्युरो स्वस्त असला तरी इथे कामाचा नाही. आदल्या दिवशी "उद्या बाई येणार" असं जाहीर करू नका, रात्रभर घोर लागून राहतो. परवानगीही मागू नका: "बाई ठेवूया का?" याला "नको" हेच उत्तर असतं. त्यापेक्षा "आधी चहा की आधी वेणी?" असं विचारलं की उत्तर निघतं.

अजून एक, जे लोक बोलायला लाजतात. आजी पहिल्याच दिवशी बाईला "तू कुणापैकी?" म्हणून विचारतात आणि कधी कधी लागेल असं बोलतात. बाईला आधी कल्पना द्या. तिनं गावाचं नाव सांगावं आणि विषय आजींच्या माहेरावर न्यावा. माहेर निघालं की बाकी सगळं मागे पडतं. काही वेडंवाकडं बोलल्या असतील तर घरातल्यांनी बाजूला जाऊन बाईची माफी मागायची. आजार आजींना आहे, अपमान गिळणं बाईच्या पगारात बसत नाही.

म्हणजे खोटं बोलायचं?

माझं मत स्पष्ट आहे. माणूस शांत राहावं, सुरक्षित राहावं म्हणून बोललेलं चालतं. सही घेण्यासाठी, घर नावावर करून घेण्यासाठी बोललेलं चालत नाही. आजी विचारतात, "मालक अजून कसं आलं नाहीत?" मालक जाऊन कैक वर्षं झालीत. खरं सांगितलंत तर तो मृत्यू त्यांच्यासाठी आत्ता घडतो, त्या रडतात, विसरतात आणि तासाभरानं परत विचारतात. रोज नवं सुतक कशाला? "तुम्हांला त्यांची आठवण आली होय? काय आवडायचं हो त्यांना जेवायला?" असं म्हणा. हे खोटंही नाही.

मात्र आजार नुकताच सुरू असेल आणि माणूस डोळ्यात डोळे घालून "मला काय झालंय?" विचारत असेल, तर खरं सांगायचं. तो त्यांचा हक्क आहे.

आई बाईवर चोरीचा आळ घेते. पाटल्या चोरल्या म्हणून गल्ली गोळा केली.

वस्तू स्वतःच जपून ठेवायची, ती जागा विसरायची आणि मग चोर शोधायचा, हे या आजारात नेहमीचं आहे. "कुणी नाही चोरलं" म्हणालात तर तुम्हीही चोराला सामील ठरता. "अगं बाई, पाटल्या? चल बघूया" म्हणून सोबत शोधा. तांदळाचा डबा, उशीची खोळ, देवघराची मागची बाजू, जुन्या पातळांची घडी, या जागा आधी बघा.

बाई यायच्या आधीच खरे दागिने लॉकरला टाका, फोटो काढून ठेवा आणि आईजवळ थोड्या सुट्ट्या पैशांचं पाकीट राहू द्या. हे करण्यात बाईचंही संरक्षण आहे. आणि गल्लीतल्या दोन-चार घरांना आजाराचं सांगून ठेवा. लपवून ठेवलेल्या आजारानं जास्त तमाशे होतात.

अंघोळीला हात लावू देत नाहीत. मारतात.

नहाणीघर आधी त्यांच्या डोळ्यांनी बघा. नवी चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, शॉवर अंगावर कोसळतो, आणि अनोळखी बाई लुगड्याला हात घालते. मी असते तर मीही मारलं असतं.

ज्यांचा जन्म बंबाच्या पाण्यावर गेला त्यांना बादली आणि तांब्या द्या. बसायला प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची, खाली न घसरणारी चटई. पाणी आधी पायावर, मग हातावर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. अंगावर जुनं सुती पातळ किंवा पंचा पांघरलेला राहू द्या आणि त्याखालून अंग धुवा. तांब्या त्यांच्याच हातात द्या. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगा. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट आपला असतो. एक दिवसाआड ओल्या पंच्यानं अंग पुसलं तरी काही बिघडत नाही. एकादशी किंवा सणाच्या दिवशी "देवीला जायचंय" म्हटलं की पुष्कळ आजी आपण होऊन उठतात. गॅस गीझर असेल तर खिडकी उघडी हवी, आणि कडी आतून लागणार नाही अशी करून घ्या.

वडील तालमीतले. "पोरगं सोबतीला दिलंय" म्हटलं की चिडतात, आणि एकटे बाहेर पडून वाट चुकतात.

पुरुषांच्या बाबतीत "केअरटेकर" हा शब्द घरात उच्चारूच नका. तालमीतला, भावकीतला किंवा ओळखीचा एखादा शांत पोरगा बघा आणि त्यानं "वस्ताद, चला रंकाळ्यावर एक चक्कर मारू" म्हणून यावं. "तुम्हाला सांभाळायला" आलेला पोरगा हाकलला जातो, "कुस्तीतलं सांगा की" म्हणून आलेला बसवून घेतला जातो. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध झालं की दुसऱ्या दिवशी तेच वाट बघतात. (साखरेचा आजार असेल तर दुधाचं डॉक्टरांना विचारा, आणि दूध उकळलेलं बरं, हे माझ्यातली सिस्टर बोलते.)

एकटे बाहेर पडतात त्यांच्यासाठी: शर्टाच्या आतल्या बाजूला नाव-फोन शिवून घ्या किंवा गळ्यातल्या लॉकेटमागे कोरून घ्या, कारण खिशातली चिठ्ठी ते फेकून देतात. अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये हवा. कोपऱ्यावरचा पानवाला, रिक्षा स्टॉप, देवळातले गुरव यांना सांगून ठेवा. सापडले नाहीत तर "वाट बघू" म्हणत बसू नका, लगेच ११२ला फोन करा आणि त्यांच्या जुन्या जागा शोधा: जुनं घर, तालीम, नोकरीचं ठिकाण. गाडीची किल्ली काढून घेतली तर महाभारत होतं. गाडी "गॅरेजला" गेलेली बरी, आणि ती तिथेच राहिलेली बरी.

संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी जायचंय" सुरू होतं. हेच तर घर आहे!

दिवस कलला की गोंधळ वाढणं हे या आजाराचं लक्षणच आहे. त्यांना हवं असलेलं घर बहुतेकदा लहानपणीचं असतं, तिथे रिक्षा जात नाही. "जाऊया, आधी दिवा लावू" म्हणा. उजेड आधीच भरपूर करा, टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद करा, दुपारची झोप छोटी ठेवा, चहा चारनंतर नको. नव्या बाईची पहिली ओळख या वेळेला कधीच करून देऊ नका.

शांत राहायची गोळी चहातून दिली तर?

मेडिकलमधून स्वतःच आणून? अजिबात नाही. झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि म्हातारं माणूस पडून खुबा मोडून घेतं. सर्दी-खाजेच्या साध्या गोळ्यासुद्धा डोकं आणखी धूसर करतात. भास, मारहाण यांवर दिली जाणारी औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. डॉक्टर ती देतात, पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि दुसरा इलाज चालला नाही तर. स्मृतीसाठीची डोनेपेझिल, मेमँटिनसारखी औषधं आजार बरा करत नाहीत. काहींना काही काळ थोडा आधार देतात. गोळी थुंकत असतील तर डॉक्टरांना विचारा. सगळ्या गोळ्या कुटून देता येत नाहीत. रिवास्टिग्मिनची त्वचेवर चिकटवायची पट्टीही मिळते. ती पाठीवर, हात पोचणार नाही अशा ठिकाणी लावतात.

पुण्याचा दीर म्हणतो, "आमच्याशी तर आई छान बोलते, तुम्हीच वाढवून सांगता."

फोनवरची पाच मिनिटं या आजारातली माणसं छान निभावतात. दिराला समजावत बसू नका. आठवडाभर घरात ठेवा, तुम्ही माहेरी जा. त्यानंतर बाईचा पगार वाटून घ्यायचा विषय काढा.

शेजारी म्हणतात बाहेरचं आहे, देवर्ष्याकडे न्या.

अंगारा कपाळाला लावल्यानं काही बिघडत नाही, आजींना बरंही वाटेल. पण उतारे, उपास, कोंडून ठेवणं, मारणं, औषध बंद करणं असलं काही कोणी सांगितलं तर तिथून उठा. अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३पासून कायदा आहे.

बँक, पेन्शन, सही यांचं काय?

हे लवकर करा, निदान झाल्या झाल्या. बहुतेकजण कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण माणसाची समज गेली की आपल्याकडे ते मुखत्यारपत्रही कायद्यानं संपतं. समज शाबूत आहे तोवरच खातं जोडनावानं करणं, नॉमिनी लावणं, मृत्युपत्र करायचं असेल तर त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घेऊन करणं, ही कामं उरकावीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. मात्र मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सोय त्या कायद्यात नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. वकील गाठा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नमुन्यांवर सह्या घेऊ नका. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता चेहरा दाखवून मोबाईलवरही काम होतं.

सरकारी मदत काही आहे?

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास. तो पेशंटसाठी आहे तसा सांभाळणाऱ्यासाठीही आहे, मराठीत बोला. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातले उपचार मिळतात. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही, विचारणारे पुष्कळ असतात म्हणून सांगितलं.

बाई ठेवताना काय बघायचं?

आधार कार्ड, पोलीस पडताळणी, आधीच्या घरी एक फोन. कामं लिहून ठरवा: आजींचं करायला आलेल्या बाईला घरभर भांडी लावलीत तर ती महिन्यात जाते, आणि दोष आजींवर येतो. आठवड्याची सुट्टी द्या. शिकलेली आहे की नाही यापेक्षा मी एक गोष्ट बघते: आजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर तिचा चेहरा कसा होतो.

संस्थेत ठेवलं तर पाप लागेल का?

नाही. रात्र रात्र झोप नाही, उचलायला माणूस नाही, मारहाण होते, स्वतःचंच बीपी वाढलंय, अशा वेळी संस्था बघणं योग्य असतं. आधी न सांगता, जेवणाच्या वेळेला जाऊन बघा. डिमेन्शियाची माणसं घेतात का, रात्री किती माणसं कामावर असतात, बांधून ठेवतात का, हे तोंडावर विचारा. नेताना त्यांची गोधडी, देवाची तसबीर आणि जेवणाचं ताट सोबत द्या.

बाई गावी यात्रेला गेली, आठ दिवसांनी आली तर आईनं ओळखलंच नाही. आता परत पहिल्यापासून?

चेहरा विसरल्या असतील, सवय बहुतेक शिल्लक असते. बाईला परत नवीन म्हणून ओळख करून देऊ नका. तिनं नेहमीच्याच वेळेला यावं, नेहमीसारखी हाक मारावी आणि पहिल्या दिवशी जे करत होती तेच घेऊन समोर बसावं, लसूण तर लसूण. एक-दोन दिवसांत गाडी रुळावर येते. पुढच्या वेळी ती सुट्टीवर जायच्या आधीच दुसरी बाई तिच्यासोबत चार दिवस येऊन बसू दे. जोतिबाची यात्रा दर चैत्रात असते, तेव्हा तिची रजा धरूनच चाला.